काहून पळता, मॅडम?

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मी पहिल्यांदा रस्त्यावर पळाले. पहाटेचे साडेपाच वाजले होते. अंगात सलवार-कमीज, त्यावर स्वेटर, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. शंभर पावलं झाली नसतील तोच मागून एक मोटरसायकल आली आणि पुढे जाऊन थांबली. दुधाच्या कॅन लावलेला ओळखीचाच माणूस. घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाला, "काय झालं मॅडम? घरी सगळं बरं आहे ना?"

"काही नाही. पळतेय."

"काहून?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. क्षणभर थांबून मी म्हटलं, "शुगर आहे." तो एकदम सैलावला. "अस्सं! मग पळा, पळा," म्हणाला आणि निघून गेला.

मैत्रिणींनो, वर्ष झालं तरी तो ‘काहून’ माझ्या डोक्यातून गेलेला नाही. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी चिखली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय शेहेचाळीस. दोन मुलं, सासूबाई, नवरा, दीर-जाऊ असं एकत्र घर. शुगर खोटी नव्हती, ‘काठावर आहे’ असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण मी शुगरसाठी पळायला लागले नाही. झालं असं, की शाळेच्या क्रीडा स्पर्धांच्या तयारीला मी चौथीच्या मुलींना पळवत होते. शिट्टी माझ्या हातात. मुली सुटल्या, वेण्या उडवत पलीकडच्या लिंबापर्यंत गेल्या आणि हसत परत आल्या. शाळा सुटल्यावर मैदान रिकामं झालं तेव्हा चपला काढून मी एकदा त्या लिंबापर्यंत पळाले. परतताना छाती फुटतेय की काय असं वाटलं. पण फार जुनी, ओळखीची कुणीतरी भेटल्यासारखंही वाटलं. बारा वर्षांची होईपर्यंत मी गावात कुणालाही हरवायची. मग पाळी आली आणि पळणं थांबलं. कुणी बंदी घातली नाही, कुणी रागावलं नाही, थांबलंच आपलं. तुमच्यापैकी किती जणींचं असंच झालं असेल, जरा आठवून पाहा.

आपल्या भाषेतही बघा. ‘तो पळतो’ म्हटलं तर मुलगा व्यायाम करतो. ‘ती पळाली’ म्हटलं की आख्खं गाव कान टवकारतं, कुणाबरोबर? बाई पळते ती एसटी सुटू नये म्हणून, टँकरमागे हंडे घेऊन, शेळी पिकात शिरली म्हणून, नवऱ्याने काठी उचलली म्हणून. तिच्या पळण्यामागे काहीतरी संकट असणारच, हे दूधवाल्याने गृहीत धरलं. त्यात त्याची चूक नाही.

भाच्याने मोबाइलवरून एक तक्ता लिहून दिला होता. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. मार्च उजाडेपर्यंत न थांबता तीन किलोमीटर होऊ लागले. मग सकाळची शाळा सुरू झाली आणि मला साडेचारला निघावं लागलं. वस्ती संपते तिथे दिवे संपतात. तिथून पुढे मालवाहू गाड्या, कुत्री आणि अंधार. पहिले पंधरा दिवस नवरा मागे स्कूटर घेऊन येत असे, उजेड पाडायला. लोक त्याला भेटून म्हणत, किती साथ देता हो वहिनींना! पळत मी होते. पुढे तो कंटाळला. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं. मागे इंजिनाचा आवाज असला की आपण पळतोय असं वाटत नाही, कुणीतरी हाकतंय असं वाटतं.

इथे एक गंमत सांगते. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ निघाला आणि तेराशे किलोमीटर चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्यामुळे त्याचं पाऊल न् पाऊल नोंदलं गेलं. पेपरवाल्यांनी किती कौतुक केलं त्याचं! शेतांतून गेला, रस्ते ओलांडले, रात्री-बेरात्री हिंडला. कुणी विचारलं नाही की एवढ्या उशिरा एकटा कुठे निघालास. आणि इथे मी बोथा घाटाकडे नाही, नुसती गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत गेले तरी संध्याकाळी सासूबाईंच्या कानावर पोचलेलं असायचं.

शरीराबद्दलही लिहायला हवं, कारण बायकांच्या पळण्यावरच्या लेखांत ते कुणी लिहीत नाही. पळताना छाती दुखते, म्हणून मी तालुक्याच्या बाजारात घट्ट बसणारी, पळण्यासाठीची ब्रेसियर मागितली. दुकानात काउंटरला पुरुष. तीनदा मोठ्याने सांगावं लागलं, आणि शेवटी नव्हतीच. ती औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, बहिणीने पाठवली. दुसरी गोष्ट लघवीची. दोन बाळंतपणं झालेल्या बाईने जोरात पाय टाकला की थेंब थेंब गळतं. मला वाटायचं, हे फक्त माझंच. बचतगटाच्या बैठकीत एकदा धीर करून बोलले, तर निम्म्याहून जास्त जणींनी माना डोलावल्या. शिंकताना, खोकताना, हंडा उचलताना. एका डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, वय झालं आता, पळणं सोडा. पळणं सोडा! गळती थांबवा असं नाही. पुढे एका नर्स मैत्रिणीने सांगितलं की ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेले असतात. लघवी रोखताना जसे आवळतो तसे ते दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा आवळायचे. तीन महिने केलं. बराच फरक पडला. हे बाळंतपणानंतरच कुणी सांगितलं असतं तर वीस वर्षांची लाज वाचली असती.

पावसाळ्यात काळ्या मातीने बुटांची भाकर केली. डांबरी रस्ता सोडला की पाय किलोभर जड. सोयाबीन हातभर आलं तेव्हा निंदायला जाणाऱ्या बायांनी भरलेला ऑटो रोज मला ओलांडून जाई. त्यातली एक रोज ओरडायची, "मॅडम, आमच्या धुऱ्यावर या पयाले, निंदणही होऊन जाईन!" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, पण ते बोचायचं. त्यांना पळून घाम गाळायची गरज नाही, दिवसभर वाकून तो गळतोच. माझ्याजवळ पगार आहे, बूट आहेत, आणि घाम गाळायला सवडीचा एक तास आहे.

आणि तो तास आला कुठून? हे मला उशिरा कळलं. जूनमध्ये एक दिवस जाऊबाई तापाने झोपल्या. मी पळून आले तर चूल, म्हणजे गॅस, थंड. पोरांचे डबे नाहीत, सासूबाईंचा चहा नाही, पाणी भरलेलं नाही. पाच महिने मी घरी परतायची ती गरम पोळीच्या वासात, आणि मला वाटायचं, मी माझा वेळ काढला! वेळ मी काढला नव्हता, जाऊबाईंच्या झोपेतून कापला होता. स्त्रीमुक्तीवर शिबिरांतून बोलणारी मी, आणि माझं पाऊल एका बाईच्या पाठीवर. त्या बोलल्या नव्हत्या, कारण मी ‘नोकरीवाली’. मी विचारलं तेव्हा मात्र सरळ म्हणाल्या, "तुम्ही पळा ना ताई. पण सोमवार-गुरुवार मी नाही उठणार. मग कोणाले उठवाचं ते उठवा." उठवायला दोन पुरुष होते. दिराला कणीक मळता येते हे आम्हाला तेव्हा कळलं. नवऱ्याला अजून येत नाही, तो चहा आणि पोहे करतो, आणि केल्याचं दिवसभर सांगतो. भांडण चालू आहे. मिटलं असं मी लिहिणार नाही.

पावसाळ्यातच मला ‘भरतीच्या मुली’ भेटल्या. तुमच्याही तालुक्याच्या रस्त्यांवर त्या असतील. सहा-सात जणी, अठरा ते चोवीस वयाच्या, कुणी बारावी, कुणी बी.ए. पहाटे खोल्यांवरून निघायच्या, एकीच्या हातात काठी. पोलीस भरतीची तयारी. शासनाने ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आणि आमच्यासारख्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या मुलींनी त्या वाटेने धाव घेतली. लग्नाला दोन वर्षांची मुदत मागून घेतलेल्या या मुली. ‘दोन भरत्या देऊ, नाही लागलं तर म्हणाल तिथे उभी राहीन’ असा बापाशी करार. त्यांना कुणी ‘काहून’ विचारत नाही. त्यांच्या पळण्याला नोकरी हे उत्तर आहे.

त्या ८०० मीटर पळतात, कारण भरतीत मुलींना तेवढंच असतं. मुलांना १६००. बरोबर दुप्पट. वनरक्षकांच्या भरतीत मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३. मी रोज हे ऐकत होते आणि एक दिवस त्या ८०० या आकड्यानेच मला थांबवलं, कारण त्याला इतिहास आहे.

१९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिलं. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या. जर्मनीची लीना राडके विश्वविक्रम करून जिंकली, आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. संपल्यावर काही जणी गवतावर आडव्या झाल्या, जशा कुठल्याही शर्यतीनंतर होतात. पण जगभरच्या वर्तमानपत्रांनी रंगवून लिहिलं की बाया कोसळल्या, हे दृश्य बघवत नव्हतं, इतकं अंतर बाईच्या शरीराला झेपत नाही. शर्यत बंद झाली. पुन्हा सुरू व्हायला १९६० साल उजाडावं लागलं. बत्तीस वर्षं!

आता पुरुष कोसळल्यावर काय होतं पाहा. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात इटलीचा दोरांदो पिएत्री मैदानात आला तो भेलकांडतच. पुन्हा पुन्हा पडला, पंचांनी आधार देऊन रेषेपार नेलं, म्हणून बाद ठरला. त्याला राणीने चांदीचा चषक दिला आणि तो जगभर वीर म्हणून गाजला. फार लांब कशाला, २०१४च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत उन्हात ५ किलोमीटर धावताना तरुण मुलगे मरण पावले. किती दुःखाची गोष्ट. त्यानंतर धावण्याचं अंतर कमी केलं गेलं, ते योग्यच झालं. पण पुरुषाच्या शरीराला धावणं मानवत नाही असं कुणी म्हटलं का? म्हणणारही नाही. दोष उन्हाचा, व्यवस्थेचा, उपाशी पोटी आलेल्या पोरांच्या गरिबीचा धरला गेला. बाई धापा टाकत बसली तर दोष बाईपणाचा.

त्यानंतरही हेच. १९६७ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर २६१ क्रमांक लावून धावत होती, तर एक संयोजक चालत्या शर्यतीत तिच्या अंगावर धावून आला, क्रमांक ओढायला. तिथे बायकांना रीतसर परवानगी १९७२ला मिळाली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन १९८४ला आली. मी तेव्हा जन्मलेही होते! म्हणजे हा काही पणजीच्या काळातला इतिहास नाही.

तर मी मोठ्या उत्साहाने भरतीच्या मुलींना म्हटलं, आपण मागणी करू या, मुलींनाही १६०० मीटर द्या. लष्करात महिला पोलिसांच्या भरतीत मुलींना १.६ किलोमीटरच धावावं लागतं, फक्त वेळ जास्त देतात. अंतर तेच ठेवा, वेळ वेगळी ठेवा, हे मला पटतं. मुली माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यातली सर्वांत वेगवान मुलगी म्हणाली, "नका मॅडम. आठशेच राहू द्या. मले घरी दूध भेटत नाही, भावाले भेटते." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आमच्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे नऊशेसुद्धा मुली नव्हत्या. ज्या जगल्या त्या अशा, एक पेला दुधाने मागे. माझं मत मी सोडलेलं नाही. पण १६०० मीटरची मागणी त्या पेल्यापासून सुरू करावी लागेल, हे त्या मुलीने मला शिकवलं.

आणि आता लताबाई करे यांच्याबद्दल. त्या मूळ आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या. पोटासाठी कुटुंबासह बारामतीकडे गेलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या. बातम्यांत आलेली हकिकत अशी, की लेकींच्या लग्नांत साठवलेलं संपलं, नवरा भगवानराव आजारी पडले, तपासणीला पैसे हवे होते. बारामतीत ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती, पहिलं बक्षीस पाच हजार रुपये. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. ही २०१४च्या आगेमागेची गोष्ट. पुढची दोन वर्षंही त्या जिंकल्या. २०२० साली नवीन देशबोईना या तेलुगू दिग्दर्शकाने त्यांच्यावर मराठी चित्रपट काढला, त्यात त्यांनी स्वतःच स्वतःचं काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. २०२१ मध्ये कोरोनाने भगवानराव गेले.

त्यांची गोष्ट मोबाइलवर दर काही महिन्यांनी फिरून येते आणि दर वेळी नवा दागिना घालून येते. वय कधी एकसष्ट, कधी पासष्ट, कधी त्याहून जास्त. शेवट मात्र ठरलेला, ‘आधुनिक सावित्री’. पतीच्या प्राणांसाठी धावली. आमच्या शाळेच्या महिला मेळाव्यात पाहुण्यांनी हीच गोष्ट सांगितली आणि बायकांचे डोळे पाणावले. माझेही पाणावले असते. पण तोवर मी आठ किलोमीटर पळू लागले होते आणि मला वेगळेच प्रश्न पडत होते.

तीन किलोमीटर अनवाणी, नऊवारीत, कुणालाही मागे टाकून धावणं हे प्रेमाने होत नाही. प्रेम पुष्कळ जणींचं असतं. ते होतं फुप्फुसांनी, पोटऱ्यांनी, वेग कुठे राखायचा आणि कुठे सोडायचा याच्या अकलेने. ती ताकद लताबाईंजवळ आयुष्यभर होती. शेतात वाकून, डोक्यावर ओझी वाहून, मैलोगणती चालून कमावलेली. साठ वर्षं ती कुणाला दिसली नाही, कारण तिला मजुरी म्हणतात. नवरा आजारी पडला आणि बक्षीस जाहीर झालं तेव्हा कुठे ती दिसली, आणि दिसताक्षणी आपण तिच्यावर पातिव्रत्याचं लेबल चिकटवलं. त्या तीनदा जिंकल्या, हे कुणी धावपटूच्या हिशेबाने बोलतं का? सलग तीन वर्षं पहिली येणारी दुसरी कुणी असती तर आपण विचारलं असतं, ही तरुणपणी धावली असती तर काय झालं असतं? सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. दुष्काळी माणच्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओच्या अंतिम फेरीत धावली. त्याही गरीब घरच्याच. फरक हा, की त्या शाळेत असताना त्यांचं धावणं कुणाच्या तरी नजरेत भरलं. लताबाईंच्या वेळी आमच्या जिल्ह्यात मजुराच्या मुलीकडे शिट्टी घेऊन कोण उभं होतं?

दुसरा प्रश्न आणखी कडू आहे. एका म्हाताऱ्या मजूर बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागते, याचा आपण मेळाव्यात टाळ्या वाजवून गौरव का करतो? ती दुसरी आली असती तर? सरकारी दवाखान्यातली तपासणी हा हक्क आहे, बक्षीस नव्हे. पाहुण्यांचं भाषण झाल्यावर मी उठून एवढंच बोलले. मेळावा लवकर आटोपला.

माझं म्हणणं कुणी लताबाईंच्या विरोधात आहे असं समजू नये. आपल्या बुलडाण्यातल्याच ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली ती बायकांना वेगळी फूटपट्टी का, हे विचारायलाच. मला लताबाईंच्या धावण्याला धावण्याचीच फूटपट्टी लावून हवी आहे.

आता माझ्या शर्यती. दोनच झाल्या. पहिली जिल्ह्यातल्याच एका गावी, ऑक्टोबरात. पुरुषांना १० आणि ५ किलोमीटर, महिलांना ३. पुरुषांच्या पहिल्या बक्षिसाची रक्कम महिलांच्या तिप्पट, वर महिलांना एक साडी. मी टेबलापाशी म्हटलं, मला १० पळायचंय. फॉर्मवर खूणच करायला जागा नव्हती. चार जण एकत्र जमले, बोलले, आणि मला कोऱ्या कागदावर लिहून द्यायला सांगितलं की ‘माझं काही बरंवाईट झाल्यास जबाबदारी माझी’. पुरुषांकडून नाही घेतलं. मी लिहून दिलं, खाली सहीनंतर ‘शिक्षिका’ असंही लिहिलं, उगाचच. एक तास सोळा मिनिटं लागली. माझ्यामागे एकोणीस पुरुष होते, मी मोजले. प्रमाणपत्र मिळालं ते ‘महिला ३ कि.मी.’ असं आधीच छापलेलं. ते मी पेनने खोडून १० केलं आणि शाळेच्या कपाटावर लावलं.

दुसरी डिसेंबरात, मोठ्या शहरात, अर्धमॅरेथॉन. एकवीस किलोमीटर आणि वर शंभरेक मीटर. ते शंभर मीटर सर्वांत लांब असतात. रात्रीच्या एसटीने गेले, एकटी. नोंदणीची फी आमच्या ऑटोतल्या बायांच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी. तिथे बायका भरपूर होत्या, रंगीत टोप्या घातलेल्या, आणि संडासांसमोर त्यांची रांग पुरुषांच्या रांगेच्या तिप्पट. सुटायची वेळ झाली तरी आम्ही रांगेतच. बाराव्या किलोमीटरनंतर मांड्या घासून सोलल्या. सोळाव्याला मला रडू आलं, कशाचं ते माहीत नाही. शेजारून पळणारी एक अनोळखी बाई काही न बोलता माझ्या वेगाने पळत राहिली आणि रडणं थांबल्यावर पुढे निघून गेली. दोन तास एक्कावन्न मिनिटं. गळ्यात पदक पडलं तेवढ्यात फोन वाजला. जाऊबाई. "झालं का पळून? सिलिंडर संपलं. नंबर कोणत्या वहीत आहे?" मी सांगितला.

यंदाच्या ऑक्टोबरच्या शर्यतीसाठी आम्ही आत्ताच पत्र दिलं आहे. खाली बचतगटाच्या तेवीस जणींच्या आणि भरतीच्या चार मुलींच्या सह्या आहेत. बायकांना १० किलोमीटरचा पर्याय, बक्षिसाची रक्कम सारखी, साडी नको, आणि मैदानापाशी बायकांसाठी पुरेसे संडास. नगरपरिषदेला दुसरं पत्र, पंपापर्यंतच्या दिव्यांचं. पहिल्या पत्राला तोंडी उत्तर आलं आहे, ‘विचार करू’. दुसऱ्याला काहीच नाही. तुमच्या तालुक्यात अशा शर्यती होत असतील तर फॉर्म मागवून बघा आणि आम्हाला कळवा, म्हणजे सगळ्यांची मिळून यादी करता येईल.

भरतीच्या मुलींपैकी दोघी लागल्या. दूध न मिळणारी त्यात नाही. तिची एक भरती उरली आहे. ती अजून येते, पण आता आठशेवर थांबत नाही, माझ्याबरोबर पंपापर्यंत येते आणि मला तिथे सोडून पुढे जाते. दूधवाला परवा पुन्हा भेटला. गाडी हळू करून म्हणाला, "शुगर उतरली का मॅडम?"

"उतरली."

"मग आता काहून?"

श्वास लागला होता, म्हणून मी नुसता हात हलवला.